हिशेबाचा कर्ता

एखाद्या छोट्या धंद्याचा रोजचा हिशेब हाताने न मांडता घरीच लिहिलेल्या प्रोग्रामकडे सोपवला आणि त्या हिशेबात कोणाचे तरी थोडेसे नुकसान होत राहिले, तर त्या कर्माचा कर्ता कोणाला मानावे, हा प्रश्न वरवर पाहता तंत्राचा किंवा फार तर कायद्याचा वाटतो. परंतु कर्ता, करण आणि फल यांचा जो सूक्ष्म विचार भारतीय दर्शनांनी केला आहे त्याच्या आधारे तो तपासला, तर तो धर्मविचाराचाच प्रश्न असल्याचे दिसून येते. प्रोग्राम म्हणजे यंत्राने कोणत्या क्रमाने काय करावे हे सांगणारी आज्ञांची मालिका. ती लिहिणारा लिहून मोकळा होतो, चालवणारा फक्त कळ दाबतो आणि आकडा मात्र कोणाच्याच हातचा नसल्यासारखा पडद्यावर उमटतो. या स्थितीत कर्तृत्व नाहीसे होते, अनेकांत वाटले जाते की एका ठिकाणी गोळा होते, याचा निर्णय झाल्याशिवाय अशा हिशेबातील प्रामाणिकपणाविषयी काहीच नेमके बोलता येत नाही. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे आहे की, यंत्र आल्यामुळे माणसाचे कर्तृत्व कमी होत नाही, पूर्वी मालक, मुनीम आणि गिऱ्हाईक यांच्यात विभागलेले कर्तृत्व उलट प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे व वापरणाऱ्याकडे येऊन साठते. आणि हे साठणे दिसत नसल्यामुळेच प्रोग्रामच्या उत्तराला त्याच्या वाट्याचे नसलेले प्रामाण्य मिळते.

अंबरपेठ आणि दोन चलनांचा वारसा

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर काठी, काचीगुड्याला लागून असलेली अंबरपेठ ही या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य जागा आहे. काचीगुड्याचे स्थानक १९१६ मध्ये निजामाच्या रेल्वेसाठी उभे राहिले आणि मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मीटरगेज मार्गाने मराठवाड्यातील माणसे शिक्षण, नोकरी व व्यापार यांसाठी राजधानीत येत राहिली; १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी या भागात स्थिरावलेली मराठी घरे तेथेच राहिली. अशा वस्तीत मसाले व पापड करणे, डबे पुरवणे, शिवणकाम, शिकवण्या असे अनेक उद्योग घरातूनच चालतात, आणि तयार हिशेबी सॉफ्टवेअर महाग किंवा गरजेपेक्षा जड वाटल्यास घरातील एखादा शिकता मुलगा किंवा मुलगी मालाचे नाव, नग, दर, कर, आधीची बाकी, आलेली रक्कम आणि उरलेली उधारी एवढेच सांभाळणारा छोटा प्रोग्राम लिहू शकते. हा प्रकार क्षुल्लक मानण्याचे कारण नाही, कारण भारतीय व्यापाऱ्यांच्या अतिशय परिचयाचे झालेले टॅली हे सॉफ्टवेअरसुद्धा बंगळुरात श्यामसुंदर गोएंका यांच्या व्यवसायाच्या हिशेबासाठी त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधूनच पुढे आले आणि त्या कंपनीचा आरंभ १९८६ चा मानला जातो.

अंबरपेठेच्या हिशेबाला आणखी एक जुना संदर्भ आहे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का हे स्वतंत्र चलन होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला लोक कलदार म्हणत. दोहोंचा सरकारी दर १०० कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदारास सात हाली, असा होता. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै धरल्यास हा आकडा अगदी नेमका बसतो, कारण एका रुपयात १९२ पै येतात आणि १९२ ला तीनाने निःशेष भाग जातो. परंतु याच्या उलट, शंभर हालीचे कलदार करू गेल्यास ८५ रुपयांच्या पुढे पाच सप्तमांश रुपया उरतो आणि तो ना आण्यांत पुरा होतो ना पैंत. हा उरलेला अपूर्णांक देणाऱ्याने सोसायचा की घेणाऱ्याने, याचे उत्तर गणितात नाही. सराफ तो बट्ट्यात, म्हणजे चलन बदलून देण्याच्या वजावटीत, धरू शकत असे. पण धरण्याचा निर्णय एका माणसाने दुसऱ्या माणसासमोर घ्यावा लागे, आणि समोरच्याला पटले नाही तर तो दुसऱ्या सराफाकडे जाऊ शके. न बसणारा तुकडा कोणाच्या पदरात टाकावा, हा प्रश्न व्यवहारात नेहमीच होता. प्रोग्रामने त्याचे केवळ स्थान बदलले.

यंत्राला न मावणारा दशांश

हे स्थान कसे बदलले हे कळण्यासाठी यंत्राच्या अंकगणिताची एक मर्यादा समजून घ्यावी लागते. संगणक संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांत, साठवतो; त्यामुळे अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश असे दोनाने पुनःपुन्हा भागून मिळणारे अपूर्णांक त्याला तंतोतंत मांडता येतात, मात्र एक दशांश ही संख्या त्या पद्धतीत तशीच अनंत लांबते जशी एक तृतीयांश ही संख्या दशमान पद्धतीत लांबते. जुन्या मराठी शाळांतील मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी पाठ करीत असत. त्या पाढ्यांतील सर्व अपूर्णांक, तसेच रुपयाचा सोळावा भाग असलेला आणा आणि चौसष्टावा भाग असलेला जुना पैसा, आजच्या यंत्रात काहीही न सांडता साठवता येतात. १ एप्रिल १९५७ रोजी भारताने रुपयाचे शंभर नवे पैसे केले आणि माणसाचा हिशेब पुष्कळ सोपा झाला, परंतु त्याच सुधारणेमुळे दहा पैशांसारखी साधी रक्कम यंत्राच्या नेहमीच्या अपूर्णांक पद्धतीत अचूक मावेनाशी झाली.

या नेहमीच्या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. तिच्यात संख्येचे ठरावीक लांबीचे अंक आणि दशांशचिन्हासारख्या बिंदूचे स्थान वेगवेगळे साठवले जातात, आणि तिचे सर्वमान्य मानक १९८५ मध्ये ठरले. त्या मानकाप्रमाणे चालणाऱ्या पायथॉनसारख्या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज मागितल्यास उत्तरात तीन दशांशाच्या पुढे पंधरा शून्ये आणि मग चार हा अंक येतो. एवढ्या बारीक फरकाने कोणाचेही नुकसान होत नाही. तरीही खात्याची बाकी शून्य आहे काय असे यंत्राला विचारले, तर चुकते झालेल्या खात्यालाही ते ‘नाही’ असे उत्तर देऊ शकते. उपाय जुना आणि सोपा आहे: सर्व रकमा रुपयांत न ठेवता पूर्ण पैशांत, म्हणजे पूर्णांकांत, ठेवाव्यात, किंवा दशमान पद्धतीनेच मोजणारा अंकप्रकार वापरावा. व्यापारी हिशेबासाठी १९५९ पासून आकाराला आलेल्या कोबोल या भाषेत अशा दशमान रकमांची सोय होती. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हा उपाय केला की नाही, हे मात्र गिऱ्हाइकाला बिलावरून कळू शकत नाही.

यंत्राची ही मर्यादा दूर केली, तरी निवडीचा भाग शिल्लक राहतो, आणि नैतिक दृष्ट्या तोच अधिक महत्त्वाचा आहे. समजा, करनोंदणी असलेल्या एका घरगुती उद्योगाने प्रत्येकी ३३ रुपये ३० पैसे किमतीची मसाल्याची दहा पाकिटे विकली आणि त्यांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या करात राज्यांतर्गत विक्रीवर निम्मा कर केंद्राचा आणि निम्मा राज्याचा असतो. प्रत्येक पाकिटावर ५ टक्क्यांनी कर काढून तो पैशापर्यंत पूर्ण केला, तर एका पाकिटास १ रुपया ६७ पैसे आणि दहांस १६ रुपये ७० पैसे होतात. प्रत्येक पाकिटावर केंद्र व राज्य यांचा अडीच-अडीच टक्के कर वेगवेगळा काढून पूर्ण केला, तर ८३ पैशांच्या दोन रकमा येतात आणि एकूण कर १६ रुपये ६० पैसे ठरतो. आधी सर्व पाकिटांची बेरीज करून ३३३ रुपयांवर ५ टक्के घेतले, तर १६ रुपये ६५ पैसे. आणि त्याच बेरजेवर अडीच-अडीच टक्के वेगळे घेऊन प्रत्येकी ८ रुपये ३३ पैसे धरले, तर १६ रुपये ६६ पैसे. दर तोच, माल तोच आणि गणितात एकही चूक नसताना उत्तरे चार येतात.

बिल पूर्ण रुपयात आणल्यावर ही चारही उत्तरे ३५० रुपयांत विरून जातात, म्हणून गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. पण केंद्राचा कर, राज्याचा कर आणि पूर्णांकनाची रक्कम अशा तीन खात्यांत तो वेगवेगळा पडतो आणि महिन्याअखेरीस कोणत्या ना कोणत्या रकान्यात वर येतो. पूर्णांकनाचा नियमही निसर्गाने दिलेला नसतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयात आणताना पन्नास पैसे किंवा त्याहून अधिक असल्यास पुढचा रुपया धरायचा असतो. पायथॉन भाषेतील पूर्णांकनाची तयार आज्ञा मात्र बरोबर अर्धा भाग उरल्यास जवळची सम संख्या घेते, त्यामुळे साडेबारा रुपयांचे ती बारा करते, तर कायद्याला तेरा हवे असतात. सम संख्येकडे वळण्याचा नियम पुष्कळ नोंदींच्या बेरजेत एकाच बाजूला झुकाव येऊ नये म्हणून स्वीकारलेला आहे आणि त्याच्या जागी तो योग्यच आहे. अंबरपेठेतील घरात बसून ती आज्ञा लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर एका दूरच्या भाषाकाराने वेगळ्याच हेतूने केलेली निवड तो नकळत आपल्या गिऱ्हाइकांवर लागू करत असतो.

अपौरुषेयत्वाचा आभास

येथे पूर्वमीमांसा या दर्शनाचा विचार उपयोगी पडतो. वेदवाक्यांचा, विशेषतः ‘अमुक करावे’ असे सांगणाऱ्या विधिवाक्यांचा, अर्थ लावण्याचे शास्त्र म्हणून जैमिनीच्या सूत्रांपासून विकसित झालेल्या या दर्शनाने वेदाला अपौरुषेय, म्हणजे कोणाही व्यक्तीने न रचलेला, मानले आणि त्याच्या प्रामाण्याची मांडणी त्यावर उभारली. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने ही मांडणी अतिशय तर्कशुद्ध केली. वाक्यात दोष येतो तो बोलणाऱ्याच्या अज्ञानामुळे, लोभामुळे किंवा फसवण्याच्या इच्छेमुळे. जेथे बोलणाराच नाही तेथे दोषाला आश्रय नाही. म्हणून वेदवाक्य निर्दोष आहे, असा या युक्तिवादाचा सारांश आहे. हा युक्तिवाद वेदाविषयी स्वीकारावा की नाही याचा वाद नैयायिक म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, बौद्ध आणि मीमांसक यांच्यात शतकानुशतके चालला. प्रस्तुत विषयाला आवश्यक गोष्ट एवढीच की, आज दुकानात संगणकाच्या आकड्याविषयी नेमके हेच अनुमान केले जाते. यंत्राला लोभ नाही, थकवा नाही, गिऱ्हाइकाशी वैर नाही, तेव्हा त्याचा आकडा निर्दोष असला पाहिजे, असे दुकानदारही म्हणतो आणि गिऱ्हाईकही मान्य करते.

या अनुमानात आकड्याला बोलणारा, म्हणजे कर्ता, नाही हे गृहीत विधान खोटे आहे. वेदाचा कर्ता नाही असे मीमांसकाला सिद्ध करावे लागले आणि त्यासाठी त्याने शब्दाच्या नित्यत्वापासून परंपरेच्या अखंडतेपर्यंत मोठा प्रपंच मांडला. प्रोग्रामला कर्ता आहे, तो बहुधा त्याच घरात राहतो, आणि कर पाकिटावर काढायचा की बेरजेवर, अर्धा पैसा वर न्यायचा की खाली, हे त्यानेच ठरवलेले असते. कर्ता नजरेआड गेला म्हणून वाक्य अपौरुषेय होत नाही. हाताने लिहिलेल्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, अक्षर कोणाचे हे ओळखता येई, खाडाखोड दिसे, आणि मुनिमाला त्याच जागी बोट ठेवून विचारता येई; प्रोग्रामच्या उत्तरात हे सारे मिटते, आणि कर्त्याच्या या न दिसण्यालाच निर्दोषत्वाचा पुरावा समजण्याची चूक घडते. तिला अपौरुषेयत्वाचा आभास असे म्हणता येईल.

मीमांसेचे आणखी एक विश्लेषण येथे लागू पडते. सतराव्या शतकातील आपदेवाने ‘मीमांसान्यायप्रकाश’ या ग्रंथात विधिवाक्यातून निर्माण होणाऱ्या प्रवृत्तीच्या तीन अपेक्षा नेटकेपणाने मांडल्या आहेत: काय साधायचे, कशाने साधायचे आणि कोणत्या रीतीने साधायचे. या तिसऱ्या अंगाला इतिकर्तव्यता, म्हणजे कृतीचा तपशीलवार क्रम, म्हणतात. प्रोग्राम हा जवळजवळ संपूर्णपणे इतिकर्तव्यतेचा ग्रंथ आहे. आधी गुणा, मग बेरीज करा, मग बाकी वजा करा, असा क्रम तो सांगतो, आणि कशाने साधायचे याचे उत्तर यंत्राच्या रूपाने हजर असते. पहिल्या अपेक्षेचे उत्तर मात्र त्यात कोठेही लिहिलेले नसते. हिशेब गिऱ्हाइकाशी सरळ वागता यावे म्हणून आहे, करअधिकाऱ्याला तोंड देता यावे म्हणून आहे की उधारी थकवणाऱ्याला धाक बसावा म्हणून आहे, हे यंत्राला विचारून कळणार नाही. आणि ज्या विधीची पहिलीच अपेक्षा माणसाकडून पुरी व्हावी लागते त्याचे प्रामाण्यही माणसाच्या हेतूपासून वेगळे काढता येत नाही.

मुनीम गेला, कर्तृत्व राहिले

कर्ता कोण, याची न्यायदर्शनातील व्याख्या कसोटी म्हणून घेतली तर निर्णय स्पष्ट होतो. ज्याला साधनांचे ज्ञान आहे, कार्य करण्याची इच्छा आहे आणि त्या इच्छेतून उत्पन्न होणारा प्रयत्न आहे, तो कर्ता, असे नैयायिक मानतात. संगणकापाशी या तिन्हींपैकी एकही नाही. पाणिनीने व्याकरणाच्या अंगाने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आणि क्रियेच्या सिद्धीला सर्वाधिक साहाय्य करणाऱ्या साधनाला करण म्हटले. त्या दृष्टीने लेखणी, तराजू आणि संगणक एकाच वर्गात बसतात. पाणिनीने त्याच प्रकरणात स्वतंत्र कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याचाही विचार केला आहे. अशा प्रवर्तकाला पुढे प्रयोजक कर्ता आणि ज्याला प्रवृत्त केले त्याला प्रयोज्य कर्ता म्हणू लागले. मालक मुनिमाकडून हिशेब लिहून घेतो तेव्हा मालक प्रयोजक असतो आणि मुनीम प्रयोज्य.

या दोघांतील फरक नैतिक दृष्ट्या फार मोलाचा होता. मुनीम मालकाच्या सांगण्यावरून लिहीत असला तरी स्वतंत्र होता; ‘ही नोंद अशी लिहिता येणार नाही’ असे तो म्हणू शकत होता, आणि म्हटले नाही तर त्या पापात त्याचाही वाटा धरला जाई. चुकीच्या नोंदीला घडण्यापूर्वी दोन माणसांच्या विवेकातून जावे लागे. प्रोग्राम आला आणि प्रयोज्य कर्त्याची ही जागा रिकामी झाली, कारण ज्याला नकार देता येत नाही त्याला प्रवृत्त करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मग मुनिमाच्या वाट्याचे कर्तृत्व कोठे गेले? यंत्राकडे ते जाऊ शकत नाही, कारण यंत्र कर्ता नाही. गिऱ्हाइकाकडे जात नाही, कारण त्याला नियम दिसत नाहीत. म्हणून ते प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे व तो वापरणाऱ्या मालकाकडे परत येते. शिवाय पूर्वीचा निर्णय प्रत्येक प्रसंगी नव्याने घेतला जाई, तर प्रोग्रामातील निर्णय एकदाच घेतला जाऊन पुढच्या हजारो व्यवहारांना लागू होतो. एका बिलावर हात आखडणारा दुकानदार एका बिलापुरता दोषी असे. अर्धा पैसा नेहमी आपल्याकडे ओढणारी एक ओळ लिहिणारा, ती ओळ चालू आहे तोवर प्रत्येक बिलात उपस्थित असतो.

यावर गीतेचा आधार घेऊन एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधारभूत जागा, कर्ता, नाना प्रकारची करणे, विविध क्रिया आणि दैव, आणि असे असताना केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी अपरिपक्व ठरवली आहे. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच सारा भार का घ्यावा? भाषाकार, यंत्र बनवणारे, कर ठरवणारे आणि वीजपुरवठ्याचा अवचित खंड हेही कारणांत मोडतात. परंतु गीतेचा रोख कर्तेपणाच्या अहंकारावर आहे, कर्माच्या उत्तरदायित्वावर नाही. पाच कारणांच्या यादीत कर्ता हे कारण काढून टाकलेले नाही, त्याचे मोजमाप योग्य केले आहे. टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्माच्या बाह्य फलापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला नैतिक निर्णयात प्राधान्य दिले, आणि त्या दृष्टीने पाहिल्यास निवड करण्याची संधी ज्याच्या हाती होती त्याची बुद्धीच तपासावी लागते. वीज गेल्यामुळे नोंद बुडाली तर तो दैवाचा भाग. नोंद बुडू शकते हे ठाऊक असून तिची प्रत ठेवली नाही, तर तो कर्त्याचा.

एका पैचा शोध

प्रोग्रामवर विश्वास किती ठेवावा या प्रश्नाला दर्शनांत दोन उत्तरे सापडतात. कुमारिलाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक पुरावा समोर येईपर्यंत ते खरे मानून चालावे. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, म्हणजे त्यावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल झाली की नाही यावरून, ठरते. दुकानात दोन्हींची गरज असते. प्रत्येक बिल कागदावर पुन्हा करून पाहणारा दुकानदार गिऱ्हाइके सांभाळू शकणार नाही, म्हणून बिलाच्या क्षणी मीमांसकाची रीत सोयीची. परंतु दिवसाअखेरी गल्ल्यातील रोकड आणि पडद्यावरची शिल्लक यांचा ताळा पाहिला नाही, तर बाधक पुरावा कधी समोर येणारच नाही, म्हणून रोजमेळ, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाची वही, बंद करताना नैयायिकाची रीत अवश्य ठरते.

ताळा पाहण्याला आध्यात्मिक मोल असते, हे मराठी परंपरेने एकनाथांच्या चरित्रातून सांगितले आहे. आपले गुरू व देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या सेवेत असताना एकनाथांकडे हिशेबाचे काम होते; एका रात्री एका पैचा फरक लागेना, तेव्हा ते बराच वेळ वह्यांत बुडून राहिले, चूक सापडताच त्यांना अनावर आनंद झाला, आणि एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद होत असेल तर संसाराच्या हिशेबातील चूक सापडल्यावर केवढा होईल, अशा आशयाचा उपदेश गुरूंनी केला, अशी ही कथा आहे. तिचा अर्थ बहुधा चित्ताच्या एकाग्रतेशी जोडला जातो. हिशेबनिसाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक तथ्य आहे: एका पैचा फरक हा एका पैचीच चूक असेल असे नसते, एका खात्यात शंभर रुपये अधिक आणि दुसऱ्यात त्याहून एक पै कमी इतके उणे लागले असतील, तरी खाली फरक एका पैचाच दिसतो. पै सोडून देणारा पैचे औदार्य दाखवत नाही, तिच्याखाली दडलेल्या किती रकमा आपण पाहिल्या नाहीत हे जाणून घेण्यास तो नकार देत असतो. वर दाखवलेले करांचे चार आकडे ३५० रुपयांत विरून जातात, तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यासमोर हीच परीक्षा उभी राहते. २५ पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली असली, तरी हिशेबातील पैसा गेलेला नाही; पूर्णांकनाने सोडलेला किंवा घेतलेला प्रत्येक पैसा स्वतंत्र खात्यात दिसत राहिला, तरच ताळ्याला अर्थ राहतो.

सोडून देणे ही नोंद

शेवटचा प्रश्न दयेचा आहे. अचूक हिशेब आणि करुणा यांत विरोध आहे, आणि प्रोग्राम हिशेबाला निर्दय करतो, असा समज आढळतो; त्याच्या समर्थनार्थ तुकारामांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याचा प्रसंग सांगता येईल. परंतु त्या प्रसंगाचा परंपरेने जपलेला तपशील वेगळेच शिकवतो. तुकारामांनी आधी खतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबांचा, हिस्सा त्यांना दिला आणि स्वतःच्या हिश्श्याचीच खते नदीत टाकली. दुसऱ्याचे येणे माफ करण्याचा अधिकार स्वतःला नाही, हे कळण्यासाठी स्वतःचे किती हे आधी कळावे लागले. तेथे त्यागाच्या आधी भागाकार आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेतही असेच घडते. बिदरच्या बादशहाचे धान्य त्यांनी दुष्काळात भुकेल्यांना वाटले, आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन त्याची किंमत भरली व पावती घेतली. कथेतील देवसुद्धा कोठाराच्या वहीत खाडाखोड करत नाही, रक्कम भरून नोंद पुरी करतो.

घरगुती प्रोग्रामसाठी यातून एक नेमका नियम निघतो. गरजू गिऱ्हाइकाची उधारी सोडून द्यायची असल्यास बाकीचा आकडा मागे जाऊन बदलू नये. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवून ‘सूट’ किंवा ‘माफ’ अशी उलट नोंद, तारीख आणि सोडणाऱ्याचे नाव यांसह, वेगळी करावी. कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे, असा नियम भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. घरगुती धंद्याला तो बांधील नसला, तरी त्यामागील तत्त्व त्यालाही लागू पडते: दुरुस्ती, माफी आणि लबाडी या तीन गोष्टी आकड्यात सारख्याच दिसतात, आणि त्यांना वेगळे ओळखण्याचे साधन म्हणजे सांभाळलेला माग. प्रोग्राम स्वतः दया करू शकत नाही, कारण दया हे कर्त्याचे कर्म आहे. मात्र दयेला चूक म्हणून लपावे लागणार नाही, अशी जागा लिहिणारा तिला देऊ शकतो.

महाराष्ट्रात दसऱ्याला शस्त्रे व अवजारे पुजण्याची आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वह्या पुजण्याची रीत आहे, आणि हैदराबादच्या मराठी घरांनाही ती परकी नाही. अवजार हे करण आहे आणि वही ही साक्ष आहे, असा या दोन पूजांतील भेद मानता येतो. संगणक दोन्ही कामे एकटाच करतो आणि त्यामुळे करणालाच साक्षी मानण्याचा धोका वाढतो. तो टाळायचा असेल, तर लिहिणाऱ्याने प्रोग्रामच्या आरंभीच साध्या भाषेत काही गोष्टी नमूद कराव्यात: रकमा पैशांत साठवल्या आहेत, कर एकूण बेरजेवर काढला आहे की वस्तुगणिक, अर्धा भाग कोणत्या नियमाने वर किंवा खाली नेला आहे, आणि हे कोणी, कोणत्या तारखेला ठरवले. दहा-बारा ओळींची ही नोंद यंत्राच्या कामाची नाही. यंत्र ती वाचतही नाही. ती माणसांसाठी आहे, आणि तिच्यामुळे ‘कॉम्प्युटरमध्ये असेच येते’ हे उत्तर दुकानदाराला देता येत नाही व गिऱ्हाइकाला ऐकून घ्यावे लागत नाही. ज्या हिशेबाला नाव असलेला कर्ता आहे त्याच्याशी भांडता येते, त्याला समजावता येते, तो चूक मान्य करू शकतो आणि येणे सोडूही शकतो. हिशेबात धर्म शिल्लक राहतो तो या चार शक्यतांमुळे, म्हणून त्या उघड्या ठेवणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.